आधी तंबोरा लावा, मग इअरफोन निवडा

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की गाणं शिकवताना दिवसाचे चार-पाच तास रेकॉर्डिंग ऐकायला मी जे इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, वापरते ते अगदी कमी किमतीचे आहेत आणि मला त्यांत काही उणं वाटत नाही. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे.

ताई, मी अकरावीत आहे, तबला शिकतो. पैसे साठवून सगळे ज्याची तारीफ करतात तो वायरचा इन-इअर घेतला. माझ्या मित्राकडेही तोच आहे. त्याच्या कानात डग्गा मस्त घुमतो म्हणतो, मला मात्र रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा ऐकू येतो. माझा पीस खराब निघाला का? दुसरा कोणता घेऊ?

अजून काही घेऊ नकोस. आधी एवढं कर. डग्ग्याचं एखादं स्वच्छ रेकॉर्डिंग लाव आणि कानातले दोन्ही तुकडे बोटांनी हलकेच आत दाबून धर. घुमारा एकदम भरून आला आणि बोटं काढताच गेला, तर पीस उत्तम आहे. तो तुझ्या कानात नीट बसत नाहीये, इतकंच.

सायकलच्या पंपाचा वॉशर झिजला की काय होतं ते आठव. हळू दाबलं तर हवा कडेने निसटून जाते, झटक्यात दाबलं तर थोडा तरी दाब मिळतो. इअरफोनचा पडदा कानाच्या नळीत कोंडलेल्या हवेवर असाच दाब देतो. खर्जाचे नाद म्हणजे पडद्याची सावकाश हालचाल. रबरी टिप आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी ते निसटतात. चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, टणत्कार मात्र जलद कंपनांचा असतो, तो तसाच पोहोचतो. म्हणून तुला नुसती टिचकी ऐकू येते.

डब्यात टिप्सचे दोन-तीन आकार मिळतात. बहुतेक जण मधला लावतात आणि बाकीचे खणात टाकतात. तू तिन्ही लावून बघ, आणि दोन्ही कानांना एकच आकार बसेल असं धरून चालू नकोस. माझ्या उजव्या कानाला मधला बसतो, डाव्याला मोठा. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि तोवर दोन चांगले इअरफोन मी ‘बेस नाही’ म्हणून देऊन टाकले होते, याचं अजून वाईट वाटतं. घालताना विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढ, मग तुकडा किंचित फिरवत आत सरकव. नळी सरळ होते आणि टिप खोलवर बसते. नीट बसला की बाहेरचा पंखा एकदम लांब गेल्यासारखा वाटतो.

तरीही जमलं नाही तर फोमच्या टिप्स आण. बोटांत चुरगाळून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. वेड्यावाकड्या नळीतही त्या फट ठेवत नाहीत. काही महिन्यांत त्या कडक होतात, मग बदलाव्या लागतात.

हे सगळं करूनही डग्गा कमीच वाटला, तर मात्र तुझी आवड जास्त बेसची आहे असं समज. मग असा इअरफोन शोध ज्यात बेस 200 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 200 कंपनांच्या, खालीच वाढवलेला आहे. काळी एक या पट्टीतला तबला 277 हर्ट्झच्या आसपास बोलतो आणि डग्ग्याचा घुमारा त्याच्या बराच खाली असतो. फुगवटा 300-400 हर्ट्झपर्यंत चढला तर डग्गा मोठा होतो, पण तबल्याच्या शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाचा, नाद गढूळ ऐकू येतो आणि बोल एकमेकांत मिसळतात. सेव्हन हर्ट्झ कंपनीचा ‘झीरो’ आणि त्यानंतरचा ‘झीरो 2’ ही जोडी मिळाली तर एकापाठोपाठ एक ऐकून बघ. दोन्ही स्वस्तातले, दोन्हींत एकच पडदा, पण दुसऱ्यात खालचा भाग जास्त भरलेला आहे. कोणता भावतो यावरून तुला स्वतःबद्दल बरंच कळेल.

मी सगळ्या प्रकारचं संगीत ऐकते. माहिती काढायला गेले तर ‘वॉर्म’, ‘न्यूट्रल’, ‘व्ही-शेप’ असे शब्द आणि डोंगरदऱ्यांसारखे आलेख. आवडीनुसार निवडा म्हणतात, पण माझी आवड काय हेच मला सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खरा प्रश्न हाच आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

शब्द आधी निकाली काढू. वॉर्म म्हणजे खालचा आणि खालच्या मधला भाग भरलेला, वरचा मवाळ. आवाज उबदार, किंचित जाडसर. व्ही-शेप म्हणजे बेस आणि झणझणाट दोन्ही पुढे, गाणारा दोन पावलं मागे. न्यूट्रल म्हणजे कशालाच मुद्दाम पुढे न काढणं.

आता माझी रीत सांगते. कोणताही नवा इअरफोन हातात आला की मी आधी गाणं लावत नाही, नुसता तंबोरा लावते. काळी एकचा, पुरुषी पट्टीचा, पाच मिनिटं. त्याची जोड, म्हणजे मधल्या दोन ‘सा’च्या तारा, साधारण 139 हर्ट्झला असते, खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा ‘सा’, 69 ला, आणि जवारीचे, म्हणजे तारांच्या झणत्काराचे, स्वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढत जातात. एकाच वाद्यात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळं घर उभं असतं. मी डोळे मिटून चार गोष्टी बघते. खर्जाच्या तारेला बूड आहे का, की तिची नुसती चाहूल लागते. जोडीच्या दोन तारा वेगळ्या उमटतात का. जवारी रेशमासारखी उलगडते, की पत्र्यासारखी वाजते. आणि पाच मिनिटांनी इअरफोन काढावासा वाटतो, की राहू द्यावासा वाटतो.

यातली शेवटची गोष्ट म्हणजे तुमची आवड. तिला शब्द नसले तरी चालेल. तुमचं वाद्य दुसरं असेल तर ते घ्या, पण असं घ्या की ज्याचा खरा आवाज तुम्ही समोर बसून ऐकला आहे. आणि दोन इअरफोन ताडून बघताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो जरा मोठा वाजतो तो कानाला नेहमी चांगला वाटतो, मीही त्यात फसले आहे.

आलेखाचं भय बाळगू नका. आडवी रेघ म्हणजे स्वर, डावीकडे 20 हर्ट्झ, उजवीकडे 20,000. उभी रेघ म्हणजे तो किती जोरात वाजतो. 3,000 हर्ट्झच्या आसपास मोठा डोंगर दिसला तर दचकू नका. आपली उघडी कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, ती स्वतःच त्या भागाला उचलून धरते. इअरफोनने नळी बंद केली की ही नैसर्गिक मदत जाते, म्हणून ती इअरफोनलाच द्यावी लागते. तो डोंगर नसता तर गायक पांघरुणाखालून गातोय असं वाटलं असतं. आणि 8-10 हजारांपुढच्या शिखरांवर फार विसंबू नका. मोजणी होते ती कृत्रिम कानात, आणि तिथून वर प्रत्येकाच्या नळीप्रमाणे चित्र बदलतं.

आलेखांवर ‘हार्मन टार्गेट’ नावाची एक रेघ दिसेल. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ लोकांना वेगवेगळे नाद ऐकवून बहुतेकांना काय आवडतं त्यावरून ती काढली. सुरुवातीला तिच्या जवळचा एखादा स्वस्त इअरफोन घ्या आणि महिनाभर तोच ऐका. पण त्याच अभ्यासांत काहींना त्याहून जास्त बेस हवा होता आणि काहींना कमी, हेही दिसलं. मी कमीवाली आहे. त्या रेघेवरचे इअरफोन मला तालवाद्यांना सुंदर वाटतात, ख्यालाला जड. तुम्हालाही असंच काही जाणवेल, आणि जाणवेल ते कागदावर लिहून ठेवा. पुढचा इअरफोन त्या कागदावरून घ्यायचा.

माझी दृष्टी अधू झाल्यापासून मी दिवसभर ध्वनिपुस्तकं ऐकतो. वय 68. हल्ली घेतलेल्या इअरफोनमध्ये ‘स’, ‘श’, ‘च’ कानात सुईसारखे टोचतात. संगीतवाले बेसचं बोलतात, बोलण्यासाठी काय घ्यावं?

काका, ‘स’, ‘श’, ‘च’ यांचा बराचसा फुत्कार साधारण 5 ते 8 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. स्वस्त इअरफोनमध्ये ‘स्पष्टपणा’ दाखवण्यासाठी नेमका हाच पट्टा उचललेला असतो. पहिली दहा मिनिटं ते झगझगीत वाटतं आणि दोन तासांनी डोकं धरतं. तुम्ही वॉर्म किंवा मवाळ न्यूट्रल प्रकार बघा. बेस भरमसाट नको, नाहीतर पुरुषी आवाज घशात अडकल्यासारखा येतो.

पण नवा घेण्याआधी दोन उपाय आहेत. फोमच्या टिप्स वरचा पट्टा थोडा शोषून घेतात, पुष्कळदा तेवढ्यानेच सुई बोथट होते. दुसरा, फोनमधला इक्वलायझर, म्हणजे आवाजाचा प्रत्येक पट्टा वेगळा वर-खाली करायची सोय. घरातल्या कुणाला तरी सांगून 6 हजारांच्या आसपासची पट्टी तीन-चार डेसिबल खाली करून घ्या. वाचणाऱ्याचा श्वासही ऐकू येत नाही असं झालं तर जास्त झालं, थोडं परत वर.

दिवसभर घालायचा म्हणून वजन आणि आकारही बघा. चापट, गुळगुळीत, कानाच्या खोबणीत बसणारा. वायर कानावरून मागे नेता येत असेल तर ती कपड्यांना घासल्याचा खरखराटही येत नाही. आणि वायर सुटी होणारी घ्या, झिजते ती आधी.

एका इअरफोनमध्ये एक ड्रायव्हर, दुसऱ्यात पाच. किंमत जवळपास सारखी. पाचवाला घेणं शहाणपणाचं नाही का?

नाही. ड्रायव्हर म्हणजे आत प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग. त्याच पैशात पाच बसवले म्हणजे प्रत्येकावर पाचवा हिस्सा खर्च झाला, आणि त्या पाचांना एका सुरात आणण्याचं काम उरलंच. मोठा पडदा असलेला डायनॅमिक प्रकार खर्ज सहज देतो. बॅलन्स्ड आर्मेचर हा श्रवणयंत्रांतून आलेला चिमुकला प्रकार, बारकावे चांगले दाखवतो. एटिमोटिक कंपनीने 1991 मध्ये काढलेला ‘ईआर-4’ अशा एकाच आर्मेचरवर चालत होता आणि वर्षानुवर्षं जाणकार त्याचं नाव घेत तो ऐकत राहिले. आकडा बघू नका, मेळ बघा. कमी पैशात एकच पडदा नीट सुरात लावलेला सापडण्याची शक्यता जास्त असते.

माझ्या फोनला हेडफोनचं भोक नाही. मग बिनवायरचेच घ्यावेत ना?

टाइप-सी ते 3.5 मिलिमीटर असा छोटा डोंगल मिळतो, बोटाएवढा. वायरच्या बहुतेक इन-इअरना तो पुरेसा जोर देतो. तेवढ्याच पैशात वायरवाल्याचा आवाज जवळजवळ नेहमी सरस मिळतो, कारण बिनवायरच्यात पैसे बॅटरी, चिप आणि डबी यांच्यातही विभागले जातात. शिवाय ती इवलीशी बॅटरी काही वर्षांत दमते आणि बहुतेकांत बदलता येत नाही. धावताना, स्वयंपाक करताना वायर नको वाटते हे मात्र खरं, तिथे बिनवायरचे घ्या आणि समाधानाने ऐका. वाद्य वाजवत सराव करायचा असेल तर वायरच हवी. ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर उशिरा येतो आणि ठेका निसटतो.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे, कानातून इअरफोन निघत नाही. मला शेजारी बसून त्याचं गाणं ऐकू येतं. आता म्हणतो डाव्या बाजूला कमी येतंय, नवा घेऊन दे. काय करू?

आधी डाव्या बाजूचं बघू या, ते तातडीचं आहे. डावा तुकडा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालायला लावा. कमीपणा तुकड्याबरोबर उजवीकडे गेला, तर दोष इअरफोनचा. बहुतेकदा तोंडाशी असलेल्या जाळीत मळ बसलेला असतो. टिप काढा, जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने हलके झाडा. टाचणी घालू नका, पाणी नको. काही इअरफोनच्या जाळ्या वेगळ्या मिळतात, त्या बदलताही येतात.

आवाजाच्या पातळीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: मोठ्यांसाठी 80 डेसिबलने आठवड्याला 40 तास, मुलांसाठी त्याहून खाली 75. आणि प्रत्येक 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. 83 ला 20 तास, 86 ला 10. म्हणजे व्हॉल्यूमच्या दोन-तीन घरांत आठवड्याची सगळी मुभा संपू शकते. मुलं आवाज वाढवतात ते बरेचदा बाहेरच्या गोंगाटावर मात करायला. टिप नीट बसली की बाहेरचा आवाज आपोआप दबतो आणि तेच गाणं बऱ्याच खालच्या पातळीवर पुरतं. म्हणून त्याला रागावण्याआधी त्याच्या टिप्सचा आकार बदलून बघा, आणि घरात शांत असताना जिथे व्हॉल्यूम पुरेसा वाटतो तिथे फोनमध्ये मर्यादा लावून टाका. रस्त्यावर चालताना, सायकलवर मात्र कानात काहीच नको, वाहनाचा आवाज ऐकू यायलाच हवा.

आणि तुकडे बदलूनही कमीपणा डाव्या कानातच राहिला, तर नवा इअरफोन घेऊ नका. याच आठवड्यात त्याला कानाच्या डॉक्टरांकडे न्या आणि तोपर्यंत इअरफोन बाजूला ठेवायला सांगा. नुसता मळ असेल तर दहा मिनिटांत निघेल.