लग्न कुठं नोंदलं, हे विचारतो का तुमचं रिटर्न भरणारा?

प्रश्न : काका, डिचोलीत आमचं काजूगर, सोलं, आगळ यांचं छोटं दुकान आहे, माझ्या नावावर. वर्षाची विक्री 35 लाखांच्या आसपास. नवरा कुंडईला कारखान्यात नोकरीला. ओळखीतले एक गृहस्थ 3 हजारांत माझं आयकर रिटर्न भरतात. कागद मागत नाहीत, विक्रीचा आकडा फोनवर सांगितला की झालं. आता पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं कुरिअरने काजू मागवू लागलीत. पणजीच्या एका सीएने 18 हजार सांगितले. नवरा म्हणतो, तेवढ्यात पॅकिंगचं मशीन येईल. काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, मी काही सीए नव्हे. म्हापशाला एका घाऊक पेढीवर 31 वर्षं कीर्द-खतावणी लिहिली, एवढंच. त्यामुळे सीएच हवा असं मी म्हणणार नाही. तुमच्याएवढ्या विक्रीला अंदाजित नफ्याची योजना घेता येते. रोख विक्रीवर 8 टक्के, बँक-यूपीआयने आलेल्या पैशांवर 6 टक्के नफा धरायचा, मग ऑडिट लागत नाही. जाणता कर सल्लागार पुरतो.

पण तुमच्या गृहस्थांनी तुम्हाला कधी विचारलंय का, लग्न कुठं नोंदलं? लग्नाआधी मालमत्तेचा काही करार केला होता का? हसू नका. लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि आयकर कायदाही ते मानतो. 1961 च्या कायद्यात त्यासाठी कलम 5ए होतं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दाखवायचं. सगळी विक्री रोखीची धरली तर तुमचा नफा 2 लाख 80 हजार होतो. त्यातले 1 लाख 40 हजार तुमच्या नवऱ्याच्या रिटर्नमध्ये, त्यांच्या पगाराच्या वर जाऊन बसायला हवेत. पगार मात्र एकट्या त्यांचाच. कागद न बघता भरणाऱ्या माणसाने बहुतेक ‘सुगम’, म्हणजे आयटीआर-4 भरलं असणार. अशी वाटणी लागू असलेल्यांना तो फॉर्म चालतच नाही. तुम्हाला आयटीआर-3 लागेल, त्यात या वाटणीचं वेगळं परिशिष्ट आहे. नवऱ्याचा साधा आयटीआर-1 सुद्धा चालायचा नाही. मुंबईहून ऑनलाइन स्वस्तात भरून देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ही भानगड ठाऊकच नसते. म्हणून पणजीच्या सीएलाही आधी हेच विचारा. तो अडखळला तर 18 हजार जास्तच.

दुसरं कुरिअरचं. गोव्यातल्या गोव्यात नुसता माल विकत होतात तोवर 40 लाखांच्या आत जीएसटी नोंदणीची सक्ती नव्हती. काजूचं पार्सल पुण्याला गेलं की ती सवलत संपली. परराज्यात करपात्र माल पाठवायचा तर आधी नोंदणी. कुणी म्हणेल, कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्क्याने जीएसटी भरायची सोपी योजना घ्या, 1 टक्क्यात सुटाल. त्याला नमस्कार करून उठा, कारण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. साधी नोंदणी घेऊन तिमाही रिटर्नचा पर्याय निवडता येतो, कर मात्र दरमहा भरायचा. रिटर्नला उशीर झाला तर रोजचे 50 रुपये विलंब शुल्क. म्हणजे वर्षातून एकदा फोनवर आकडा सांगण्याचे दिवस सरले. 18 हजारांत ही महिन्या-महिन्याची कामं धरलीत की नुसतं वार्षिक रिटर्न, ते लिहून घ्या. भांडणं तिथंच होतात.

आणि पासवर्ड. माझ्या धाकट्या भावाचं रिटर्न भरणाऱ्या एकाने आयकर पोर्टलवर स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकून ठेवला होता. नोटीस आली ती त्याच्याकडे, आणि तो तोवर गाव सोडून गेलेला. पुढच्या वर्षीचा रिफंड आयकर खात्याच्या जुन्या थकबाकीच्या मागणीत वळता झाला तेव्हा भावाला पत्ता लागला. आजच जुन्या गृहस्थांकडून लॉगिन मागून घ्या, मोबाइल-ईमेल तुमचा घाला, ओटीपी तुमच्याच फोनवर येऊ द्या. ते कुरकुरले तर समजा काय ते.

उद्या बँकेने कर्जासाठी प्रमाणपत्र मागितलं तर तेवढ्यापुरता सीए गाठा. त्याच्या सहीखाली 18 आकडी-अक्षरी यूडीआयएन क्रमांक असतो, तो सीए संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. आधी मागच्या तीन वर्षांची दोघांची रिटर्न काढून ठेवा. नवा माणूस ती बघितल्याशिवाय फी सांगत असेल, तर दुसरा बघा.