क्लीटवाले पेडल लावलेस, आता पाय गोल फिरव

भाऊ, क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी. तिने पाय पेडलला जखडला म्हणून तो वर ओढायचा, हा समज आधी काढून टाक. ताकद लागते ती घड्याळातल्या एकपासून पाचपर्यंत, खाली दाबताना. वर येणारा पाय फक्त हलका कर, म्हणजे दुसऱ्या पायाला त्याचं ओझं उचलावं लागत नाही. तळाशी आल्यावर मात्र चपलेला चिकटलेली काळी माती उंबऱ्यावर खरवडतो ना, तसा पाय मागे ओढ. आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही, पायाला ते ठाऊकच असतं.

सरावाला परतवाडा ते चिखलदरा घाट लगेच नको. सपाट रस्त्यावर, पहाटे, हलक्या गियरवर मिनिटाला ८० ते ९० फेरे मार. सीटवर उड्या बसू लागल्या तर वेग थोडा कमी कर. मग दोन-दोन मिनिटं एकाच पायाने फिरव, दुसरा नुसता सोबत राहू दे. झटका कुठे बसतो ते लगेच कळतं.

क्लीट चवड्याखाली बसव. गुडघा दुखला तर सराव थांबव आणि आधी क्लीटचा कोन बघ. मी दुखणं अंगावर काढलं आणि महिनाभर सायकल बंद राहिली. क्लीट धरून ठेवणारी पेडलची स्प्रिंग सुरुवातीला ढिलीच ठेव. पुढे बैलगाडी किंवा शेळ्या दिसल्या की थांबायच्या आधीच टाच बाहेर वळवून पाय मोकळा कर. आणि पावसाळ्यात शेतात उतरलास, तर परत बसण्याआधी क्लीटमधली माती काडीने काढ, नाहीतर पाय अडकणारच नाही.