एचटी की एलटी : राजदूत ३५० घेताना वर्ष पाहावे की कागद?

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक वाचकाने विचारले आहे की मृगबागेचा (मृगात लावलेल्या केळीचा) हिशेब चुकता होऊन हाती ९ लाख रुपये उरले असून त्यांतले ५ लाख पुढच्या लागवडीचे आहेत, तर उरलेल्या रकमेतून १९८४ची ‘हाय टॉर्क’ (एचटी) राजदूत ३५० मोटारसायकल पावणेचार लाखांना घ्यावी, की धुळ्यातील १९८८ची ‘लो टॉर्क’ (एलटी) सव्वादोन लाखांना?

यामाहाच्या आरडी ३५०वर बेतलेली ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८३पासून आपल्याकडे बनवली. सुरुवातीच्या एचटीची ताकद ३०.५ अश्वशक्ती सांगितली जाते. पुढे पेट्रोल वाचवण्यासाठी आलेल्या एलटीची साधारण २७. आज बाजारात एचटीला जो जास्तीचा भाव मिळतो तो मुख्यतः या साडेतीन अश्वशक्तीचा आणि नावाचा आहे. मूळ जपानी गाडीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे दोन्ही प्रकारांना ड्रमच मिळाले, त्यामुळे सावदा-फैजपूर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे ब्रेक दाबताना एचटीवाल्याला काही अधिक मिळत नाही.

जुन्या गाडीत वर्षापेक्षा मूळपणाला किंमत असते, आणि आपल्या पत्रातील एक वाक्य मला त्याच कारणाने खटकले : एचटीचे ‘इंजिन बदललेले आहे, पण आवाज मूळचा आहे’. आरसीवरील इंजिन क्रमांक आणि केसिंगवर ठोकलेला क्रमांक जुळत नसतील, तर बदलाची नोंद झाल्याशिवाय नाव हस्तांतरित होणे अवघड, आणि उद्या विकताना हौशी गिऱ्हाईक हाच मुद्दा धरून भाव पाडणार. त्यातच तिची नोंदणी काही वर्षांपूर्वी संपलेली आहे, म्हणजे नूतनीकरण शुल्काखेरीज उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये द्यावे लागतील. रक्कम मोठी नसली तरी इतकी वर्षे हे काम का रखडले, हे विक्रेत्याला विचारायलाच हवे.

एलटी सव्वादोन लाखांत घेऊन क्रँक, ऑइल सील, बोअर-पिस्टन आणि टायर यांसाठी पाऊण लाख बाजूला ठेवले, तरी ४ लाखांतले १ लाख हाती राहतात. एचटी घेतल्यास २५ हजार उरतील आणि पहिल्याच इंजिनकामाला आपण लागवडीच्या पैशांना हात लावाल. टिश्यूकल्चर रोपांची आगाऊ रक्कम, ठिबकच्या नळ्या आणि खत यांची गरज कोणाच्याही हौसेखातर थांबत नाही. वैयक्तिक कर्ज काढून एचटी घेण्याचा आपला तिसरा पर्याय मी विचारातही घेत नाही.

ही गुंतवणूक आहे असे मात्र घरात सांगू नका. स्वतःच्या वापराची गाडी प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नसल्याने नफ्यावर कर लागत नाही, तसा तोटाही कुठे वजा करता येत नाही. विम्यात इतक्या जुन्या गाडीचे मूल्य कंपनीशी बोलून ठरवावे लागते, म्हणून दुरुस्तीची बिले व छायाचित्रे जपून ठेवा.

माझा कौल एलटीला आहे, मात्र एका अटीवर. तिची आरसी अजून दिवंगत मूळ मालकाच्या नावावर असल्याचे आपण लिहिले आहे. आधी वारसांनी नमुना ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी, मगच विक्रीच्या नमुना २९ व ३०वर सह्या व्हाव्यात. तोपर्यंत विसार म्हणून पाच-दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नये, आणि तोही धनादेशाने, पावती घेऊनच.