सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) न्यूट्रोफिल ७२ आणि लिम्फोसाइट १८ टक्के आलेत (दोन्ही पांढऱ्या पेशी), एनएलआर म्हणजे या दोन्हींचं गुणोत्तर ४ होतं. ही जठराच्या कॅन्सरची सुरुवात असू शकते का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. सुरुवातीचा जठराचा कॅन्सर दुर्बिणीच्या तपासणीत (एंडोस्कोपीत) आणि बायोप्सीतच, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत कळतो. गाठीमुळे दाह होऊन न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, हे खरं. पण सुरुवातीचा कॅन्सर म्हणजे जठराच्या आतल्या अस्तरात किंवा फार तर त्याच्या लगतच्या थरात असलेला. एवढ्याशा गाठीने रक्तात फरक दिसेलच असं नाही. उलट घशाचं इन्फेक्शन, दाढेतला पू, दम्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, यातल्या कशानेही ७२-१८ सहज येतं. दोन-तीन आठवड्यांनी परत सीबीसी केलीत तर कदाचित ६०-३० दिसेल, म्हणजे एनएलआर थेट २.

डॉक्टर हे आकडे बघतात ते बहुतेक वेळा निदान झाल्यावर, आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज घ्यायला. सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर ग्लासगो स्कोअर, म्हणजे या दोन्हींवरून काढलेला असाच अंदाज, वाईट धरतात. तोही पूरकच. दक्षिण कोरियात तर चाळिशीनंतर दर २ वर्षांनी दुर्बीण घालूनच बघतात, सीबीसीवर भागवत नाहीत.

मात्र वजन उतरतंय, दोन घासांत पोट भरतंय, शौचाला डांबरासारखी काळी होतेय किंवा हिमोग्लोबिन घसरलंय, असं काही असेल तर एनएलआर १.५ आला तरी पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन एंडोस्कोपीचं विचारा.