पिकअपच्या बंपरखाली एअर डॅम लावल्याने ॲव्हरेज खरंच वाढतं का?

एअर डॅम म्हणजे पुढच्या बंपरखाली लटकणारी पट्टी, आणि हो, त्याने ॲव्हरेज वाढतं. थोडंच वाढतं आणि हायवेलाच वाढतं, पण वाढतं. तुम्ही लिहिलंय की तुमचा मेकॅनिक म्हणाला "ते प्लास्टिक शोभेचं असतं, घासत असेल तर काढून टाका", ते वाचून मी लिहायला बसलो, कारण अगदी हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय.

आमचं इंदूरला पोलोग्राउंडला छोटं वर्कशॉप आहे, पॅकिंग मशीनचे पार्ट करतो, माल घेऊन महिन्यातून दोन-तीनदा मी स्वतः डबल-कॅब पिकअपने नाशिकला जातो, जाऊन-येऊन आठशेच्या वर किलोमीटर. मार्च 2024 मध्ये साडूच्या मुलीच्या लग्नाला आम्ही रेल्वेने पुण्याला गेलो होतो, तेवढ्यात दादाने बंपरखालची काळी पट्टी बोल्ट खोलून काढली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. का तर कॉलनीच्या स्पीड ब्रेकरला घासते. मी म्हटलं दादा अरे हे काय केलंस, तर म्हणे कंपनीवाले शोसाठी लावतात, त्याने काय होतंय.

काय होतं ते सांगतो. पिकअप खालून कधी वाकून बघा, चेसिसचे आडवे पाइप, एक्सल, सायलेन्सर, स्टेपनी, सगळं उघडं लटकलेलं असतं. कारसारखं सपाट काही नाही. हवा त्यात घुसते, आपटते, आणि तो धक्का इंजिनलाच ओढावा लागतो. डॅम त्यातली बरीच हवा खाली जाऊ देत नाही, बाजूने काढतो. डॅमवरही हवा आदळते ते खरं, पण खालचा गोंधळ वाचतो तो त्याहून जास्त. आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 40 च्या जागी 80 ने गेलात की चौपट. म्हणून गावात राजवाडा ते विजयनगर करणाऱ्याने यावर एक रुपया घालू नये. अमेरिकेत रॅम 1500 ला 2019 च्या मॉडेलपासून असा डॅम येतो की ताशी 56 किलोमीटरच्या वर गेलं की आपोआप अडीच इंच खाली उतरतो, हळू झालात की परत वर. शोभेची वस्तू असती तर कोणी तिला मोटर लावली असती का?

आता डायरी. आमच्या बाबांची सवय होती, टाकी फुल केली की लिटर आणि किलोमीटर लिहायचे, ती मी चालू ठेवली. 2023 च्या हिवाळ्यात नाशिकच्या खेपांना लिटरला 12.4 किलोमीटर पडत होतं. पट्टी गेल्यावर मे-जूनमध्ये 12.0. शिवाय शिरपूर-धुळ्याच्या सपाट पट्ट्यात 90 ने जाताना टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला, आधी कधी सरकला नव्हता. त्याचंही कारण आहे, डॅममुळे इंजिनखाली हवेचा दाब कमी राहतो आणि रेडिएटरमधून हवा नीट खेचली जाते. दादा म्हणाला कूलंट बदल. बदललं, काटा तिथेच.

मग दादा म्हणे मे महिन्यात एसी जास्त खातो, तुझं ॲव्हरेज त्याने पडलं, आणि "बाबांसारखा कारकुनी हिशोब नको करूस". ते मला लागलं. ऑक्टोबरमध्ये मी वर्कशॉपमधला कन्व्हेअर बेल्टचा जाड तुकडा घेतला, मागे लोखंडी पट्टी दिली, चार बोल्टवर बसवला, जमिनीपासून आठ इंच. स्पीड ब्रेकरला वाकतो आणि सुटतो, हायवेला फडफडत नाही. पातळ रबर लावू नका, वाऱ्याने मागे दुमडतं आणि काही उपयोग होत नाही. फार खालीही नको, एका हद्दीनंतर फायदा उलटतो. मे 2025 मध्ये तोच रस्ता, तोच एसी, तेवढाच माल, आणि 12.3 आलं. काटाही जागेवर आला.

लिटरमागे पाव-अर्धा किलोमीटर म्हणजे नाशिकच्या एका फेरीत दीड ते अडीच लिटर डिझेल. कमी वाटत असेल तर आधी छतावरचं कॅरिअर काढा, मागच्या माल ठेवायच्या हौद्यावर कव्हर टाका, आणि पुढे लोखंडी गार्ड असेल तर तोही काढा, 2017 मध्येच केंद्राने राज्यांना लिहिलंय की तो बेकायदा आहे. मागचं फाळकं उघडं ठेवून ॲव्हरेज वाढतं हे मात्र कोणाचं ऐकू नका, बंद फाळक्याच्या आत हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून सरकत जाते.

एक गोष्ट राहिली. अनंत चतुर्दशीला झांकी, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, बघायला सगळे जमलो होतो तेव्हा मी 12.3 चा आकडा काढला, तर दादा म्हणाला इंदूर-धामनोदच्या मधल्या गणपती घाटाला पर्यायी रस्ता झाला ना 2024 च्या शेवटी, म्हणून वाढलं. तिथे मी गप्प बसलो, कारण ते बरोबर आहे, तो घाट माझ्या आकड्यात मिसळलाय. वाराही आहेच, उन्हाळ्यात नाशिकला जाताना समोरून येतो. बरोबर मोजायचं तर पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्रासारखा 11.3 किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक पाहिजे, जिथे त्याच रस्त्यावर त्याच वेगाने फेऱ्या मारता येतात, पण तो आपल्यासाठी नाही.

म्हणून या वेळी टाकी धामनोदला फुल करायची, घाट संपल्यावर, आणि तिथून नाशिक, परत धामनोद. बिजासन घाट सगळ्या खेपांना सारखाच आहे. टायरची हवा सारखी, पंप तोच, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं. चार खेपा डॅम लावून, चार काढून, परत चार लावून. तुम्हीही असंच करा, एकाच फेरीचा आकडा धरू नका. बोल्ट चारच आहेत, काढायला दहा मिनिटं लागतात. दादाला म्हटलंय, या वेळी काढ तूच, आणि डायरीत लिहायचं पण तूच.