मामांचं घर सामानाने भरलंय, साफ कसं करायचं?

प्रश्न: नमस्कार, माझे मामा ठाण्याला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, वय ७२. मामी गेल्यापासून ते काहीच टाकत नाहीत, रद्दी, रिकामे डबे, पिशव्या, बंद पडलेले मिक्सर, सगळं पार छताला लागलंय, चालायला जेमतेम एक बोळ उरलाय. किचनमध्ये उंदीर झालेत, बाल्कनी कबुतरांनी घाण केलीय आणि बेडरूमच्या भिंतीला ओल आहे. आता सोसायटीची नोटीस आलीय. पुढच्या आठवड्यात मामा चेकअपसाठी दोन दिवस हॉस्पिटलला असतील, तेवढ्यात चार माणसं लावून घर रिकामं करू असं माझा भाऊ म्हणतोय. करू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमच्या भावाची घाई कळते मला, नोटीस आली की कुणालाही वाटतं एकदाचं उरकून टाकू. पण मामांच्या माघारी हे करू नका, प्लीज. वस्तू टाकताच न येणं हा आळस नाही की हट्ट नाही, तो आजार असू शकतो, २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही तसा घेतलाय, त्याआधी ओसीडीचाच (तेच विचार, तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) प्रकार समजायचे. माघारी घर रिकामं केलं की माणूस आतून कोसळतो, तुमच्यासाठी दार उघडणं बंद करतो आणि घर हळूहळू परत भरतं. त्यापेक्षा हॉस्पिटलला जाताय तर घराचे दोन फोटो डॉक्टरांना दाखवा, स्मरणशक्तीची तपासणी करायला सांगा (या वयात विसराळूपणातूनही असं होतं) आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीत पण बोलता येतं. सोसायटीला लेखी कळवा की काम सुरू करतोय, थोडा वेळ द्या.

आता साफसफाई. अशा घरात धोका नुसता वासाचा नसतो, ढीग अंगावर पडतो हा सगळ्यात मोठा. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कोलियर भावांचं प्रकरण प्रसिद्ध आहे, १९४७ मध्ये लँग्ली स्वतःच रचलेल्या ढिगाखाली दबून गेला आणि त्याच्यावर अवलंबून असलेला अंध होमर उपाशी मेला, दोघांमध्ये अंतर होतं साधारण १० फूट, तरी लँग्ली सापडायला दोन आठवड्यांच्या वर गेले कारण घरात शंभर टनांहून जास्त सामान होतं. म्हणून पहिल्या दिवशी फक्त दारापासून बाथरूम आणि किचनपर्यंतची वाट मोकळी करायची, दुसरं काही नाही. ढीग वरून उतरवायचा, मधलं काही ओढायचं नाही. त्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद आणि इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग बघून घ्यायचं कारण उंदीर वायरी कुरतडतात आणि आजूबाजूला सगळी रद्दी, एक ठिणगी पुरते.

उंदरांचा बंदोबस्त सामान हलवायच्या आधी करा, नाहीतर तेच उंदीर शेजारच्या फ्लॅटमध्ये जातात. पेस्ट कंट्रोलवाल्याला पिंजरेच लावायला सांगा, विष नको, ढिगात कुठेतरी मेलेला उंदीर आठवडाभर सापडत नाही. आणि एक गोष्ट अगदी पाठ करून ठेवा, लेंड्या आणि कबुतरांची विष्ठा कोरडी झाडायची नाही. झाडू मारला की ती धूळ होऊन सरळ फुप्फुसात जाते. आधी खिडक्या उघडून अर्धा तास सगळ्यांनी बाहेर थांबायचं, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर हलक्या हाताने शिंपडून पाच मिनिटं मुरू द्यायचं आणि टिश्यूने उचलून दुहेरी पिशवीत. बाल्कनीतली विष्ठा साबणाच्या पाण्याने भिजवून खरवडायची. घरातला साधा व्हॅक्यूम तर नकोच, तो धूळ मागून बाहेर फेकतो. मामांना खोकला किंवा दम लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांना कबुतरांचं आवर्जून सांगा, त्या विष्ठेच्या ॲलर्जीने फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात आणि हे अनेकदा उशिरा लक्षात येतं.

लघवीच्या बाटल्या किंवा वास मारणारी गादी सापडली (लाजू नका, अशा घरांत सापडतात) तर तिथे ब्लीच अजिबात नाही. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू होतो, टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच मिळून क्लोरीन. उत्साहाने चार बाटल्या ओतणारी माणसं बंद बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलीयत. ओली, बुरशी लागलेली गादी, उशा, पुठ्ठे टाकूनच द्या. लाकूड-फरशी साबणाने धुऊन कोरडी करा, पण आधी गळती शोधा, नाहीतर रंग मारला तरी पुढच्या पावसाळ्यात बुरशी परत हजर.

आणि रद्दीवाल्याला किलोवर गठ्ठे देऊ नका! प्रत्येक गठ्ठा, प्रत्येक पुस्तक उघडून बघा, एफडीच्या पावत्या, पॉलिसी, मामींचे दागिने, नोटा, या घरांत सगळं पेपरात गुंडाळलेलं असतं. ठेवायचं काय ते मामा ठरवतील, ते थकले की त्या दिवशीचं काम थांबवायचं. फक्त सडलेलं, उंदरांनी घाण केलेलं आणि मुदत संपलेली औषधं यावर घासाघीस नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी प्रेमाने पण स्पष्ट सांगा. ट्यूबलाइट, बॅटऱ्या, औषधं वेगळ्या पिशवीत, कचऱ्याच्या गाडीवाल्याला सांगून द्या.

डीप क्लीनिंगच्या जाहिराती बघून कुणालाही बोलावू नका. फोनवर विचारा की लेंड्या कशा उचलता, मास्क कुठला घालता. 'फवारणी केली की झालं' म्हणाले तर फोन ठेवा.

प्रश्न: माझं नाशिकला हाउसकीपिंगचं छोटं काम आहे, आता अशी घरंही घ्यायला लागलोय. उकाड्यात मुलं मास्क काढून टाकतात, कापडी चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही चालणार. कापडातून ही धूळ आरपार जाते, एन-९५ च लागतो आणि तो नाकावर घट्ट बसलेला हवा. मास्क सहन होत नाही ही तक्रार खरी आहे, म्हणून अर्धा तास काम आणि मग बाहेर येऊन पाणी, अशा पाळ्या लावा, पैसे तेवढेच द्या. जाड रबरी हातमोजे, बूट, चष्मा तुम्ही विकत घेऊन द्यायचा, मुलांच्या पगारातून कापायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कामाआधी झालेलं पाहिजे. सुया, ब्लेड, फुटकी काच हाताने दाबून पिशवीत भरायची नाही, जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकून झाकण लावायचं. पायाला चीर असेल तर त्या मुलाला उंदीर असलेल्या घरात पाठवू नका, उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोचा आजार तिथूनच शिरतो. आणि कामानंतर महिनाभरात कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर मेडिकलमधून गोळी आणून देऊ नका, डॉक्टरकडे घेऊन जा आणि तो उंदरांच्या घाणीत काम करत होता हे तुम्ही स्वतः सांगा, तो बिचारा सांगणार नाही.