६ फूट ७ इंच उंचीला सायकल: लांब सीट पोस्ट की नवी फ्रेम?

परभणीच्या भावाचा प्रश्न थोडक्यात असा: उंची ६ फूट ७ इंच. दुकानातली सगळ्यात मोठ्या मापाची एमटीबी (माउंटन बाइक) घेतली, सीट पार वर काढली, तरी पाय पूर्ण सुटत नाही आणि चढाला पुढचं चाक हलकं पडतं. दुकानदार म्हणतो, अजून लांब सीट पोस्ट (सीटखालचा, फ्रेमच्या नळीत जाणारा दांडा) मागवून देतो. ती टाकावी का सायकल बनवूनच घ्यावी?

पोस्ट टाकू नका. मी ६ फूट ४, आणि हा उद्योग माझा करून झालाय. ४०० मिलिमीटरची पोस्ट टाकली, वर ती मिनिमम इन्सर्टची रेघ असते (पोस्ट निदान एवढी तरी नळीत राहायला हवी हे सांगणारी) तिच्याही दोन बोटं पुढे काढली, आणि दौलताबादच्या घाटात पोस्ट आवळणाऱ्या क्लॅम्पच्या खालीच फ्रेमची नळी उभी चिरली. आवाज असा आला की मला वाटलं टायर गेला. काळीपिवळीवाल्याने सायकल टपावर घेतली म्हणून घरी आलो. पोस्टचं शेपूट वरच्या दांडीच्या जोडाखाली गेलेलं नसेल तर सगळा भार तेवढ्या चार बोटं नळीवर येतो, आणि लांब माणसाचा तरफेसारखा येतो.

पण खरा घोळ चिरण्याचा नाहीच. सीटची नळी मागे कललेली असते, त्यामुळे सीट जेवढी वर तेवढी मागे जाते. जमिनीशी ७३ अंशांची नळी धरा (आकडा कमी तेवढी नळी आडवी). मध्यम उंचीच्या माणसाची सीट बीबीपासून (बॉटम ब्रॅकेट, पायडलचे दांडे जिथं फिरतात तो आस) नळीच्या रेषेत ७० सेंमीवर असते, म्हणजे तो बीबीच्या २० सेंमी मागे बसतो. तुमची ८६ च्या पुढे जाणार, म्हणजे २५ सेंमी मागे. त्यात एमटीबीची नळी बऱ्याचदा जास्त कललेली. ६९ अंश धरले तर ३१ सेंमी. आणि मागच्या चाकाचा आस बीबीपासून जेमतेम ४३-४४ सेंमीवर. बसलात तुम्ही चाकाच्या डोक्यावर! मग चढाला पुढचं चाक उचलणार नाही तर काय.

आमच्या आजोबांची २४ इंची फ्रेमची काळी सायकल होती, डबल दांडीची. तिची सीटची नळी तर याहूनही आडवी. पण मागचं चाक चांगलं लांब बसवलेलं, त्यामुळे उंच माणूसही दोन चाकांच्या मधे यायचा. मागे ज्वारीचं पोतं बांधून ते आठवडी बाजाराला जायचे, पुढचं चाक कधी हललं नाही.

म्हणून फ्रेम बनवणाऱ्याला नुसतं 'मोठी कर' म्हणू नका. बीबी ते मागचा आस ४६-४७ सेंमी, सीटची नळी ७४-७५ अंश, हँडलखालची हेड ट्यूब लांब, हे आकडे कागदावर द्या. मोठ्या मापाच्या फ्रेमलाही बहुतेक कंपन्या मागचा भाग लहान मापाचाच ठेवतात, तिथंच उंच माणूस मार खातो.

माप आधी घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पायांत वीतभर अंतर ठेवून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याची खतावणी दोन पायांच्या मधे जांघेला घट्ट वर दाबायची, सीटवर बसल्यावर येतो तेवढा दाब. वहीची एक कड भिंतीला टेकलेली. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्याला मोजायला लावा, तीनदा. शिंप्याचं पँटचं माप चालत नाही, ते कमी भरतं. आलेला आकडा गुणिले ०.८८३ म्हणजे बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. ९८ सेंमी आलं तर साडेशहाऐंशी.

क्रँकबद्दल, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या लांबीबद्दल, दोन मतं आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोत लेनर्ड झिन नावाचे कारागीर खास उंच माणसांसाठी फ्रेम बनवतात, स्वतः साडेसहा फुटी. ते जांघेच्या मापाच्या २१ टक्क्यांच्या आसपास क्रँक सुचवतात, म्हणजे ९८ सेंमी मापाला २०५ मिलिमीटर; दुकानात मिळते १७० किंवा १७५. उलट २००१ साली मार्टिन आणि स्पिरडुसो या संशोधकांनी १२० ते २२० मिलिमीटरच्या क्रँक तपासल्या, तर जास्तीत जास्त ताकदीत फरक निघाला ४ टक्क्यांचा. वेगासाठी लांब क्रँकच्या मागे लागू नका, असं माझं मत. आरामासाठी मात्र फरक जाणवतो. आणि ३५ मिलिमीटर लांब क्रँक टाकली तर बीबीही तेवढीच उंच हवी, नाहीतर वळणावर पायडल रस्त्याला घासतं. म्हणून आत्ताच्या फ्रेमवर नको, नव्या फ्रेमसोबतच.

फ्रेम कुणाकडून? माझी पहिली मी वाळूजला एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. तो खुर्च्या-टेबलं करायचा, नळीही तीच वापरली. सायकल हातगाड्याइतकी जड, आणि उतारावर ३५ च्या वेगाला हँडल असं थरथरायला लागलं की दात वाजले. (जालना स्टीलचं गाव, म्हणून तिथंही फिरून आलो. सळई पाहिजे तेवढी, सायकलची नळी कुठली!) क्रोमोली ४१३० च्या (सायकलीच्या फ्रेमला वापरतात त्या मजबूत मिश्र पोलादाच्या) नळ्या मागवा, टिग वेल्डिंगचा सफाईदार हात शोधा. आणि लांब फ्रेमला नळी जाड व्यासाची घ्या: नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून २८.६ ऐवजी ३१.८ मिलिमीटर घेतली तर वजन ११ टक्के वाढतं, पण पिळाला ताठपणा जवळजवळ ३७ टक्के.

३६ इंची चाकांचे फोटो पाहून भुलू नका. दिसतात झकास, पण ते टायर मुळात एकचाकी सायकलींचे. जिंतूरला पंक्चर झालं तर ट्यूब आणणार कुठून? २९ इंचीच ठेवा, मागे ३६ तारा. रिमचं भोक मोटारसायकलच्या व्हॉल्व्हएवढं असेल तर अडीनडीला काळ्या सायकलची २८ बाय दीडची ट्यूबही बसते, आणि ती कुठल्याही पंक्चरच्या टपरीवर मिळते.

जांघेचं माप, हाताची लांबी, वजन आणि रोज कुठल्या रस्त्यानं जाता ते इथं टाका. मी आकृती काढून देतो, ती घेऊनच वेल्डरकडे जा. तोवर सीट रेघेच्या आत.